पदमपूरचे महाकवी भवभूती : लिहिले कोणासाठी?



दिंडीच्या शताब्दीचा हा ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा आम्ही आधी जुन्या वह्या शोधायला निघालो. जुन्या विणेकऱ्यांच्या घरी गेलो, मृदंग वाजवणाऱ्यांच्या घरी गेलो, माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवल्या. हाती काय लागले? टाळांची एक जोडी, वाळवीने खाल्लेली एक पोथी अन् वर्गणीच्या हिशेबाचे दोन कागद. पहिल्या पन्नास वर्षांत आपल्या दिंडीत कोण कोण चालले, वाटेत कोणाला काय सुचले, कोणी काय सोसले, याचा एक शब्दही कोणी लिहून ठेवलेला नाही. आम्ही म्हाताऱ्या माणसांना कारण विचारले. बहुतेकांचे उत्तर एकच होते. आपण लिहिलेले वाचणार कोण, म्हणून लिहिले नाही.

हे उत्तर आमच्या मनात रुतून बसले. कारण नेमका हाच प्रश्न सुमारे तेराशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका माणसापुढे उभा राहिला होता. त्यांनी त्याचे उत्तर शोधले, ते आपल्या नाटकात लिहूनही ठेवले आणि पुढे लिहीत राहिले. ते म्हणजे पदमपूरचे महाकवी भवभूती. ते वारकरी नव्हते. ज्ञानोबा माउलींच्या आधी साडेपाचशे वर्षे होऊन गेले. पण त्यांनी रामाची अन् सीतामाईची कथा अशी लिहिली, की ऐकणाऱ्याचे डोळे कोरडे राहू नयेत. म्हणून संतचरित्रांच्या पंगतीत आम्ही एक पान त्यांच्यासाठीही मांडले आहे.

घराणे आणि गाव

भवभूतींनी आपल्या नाटकांच्या सुरुवातीला स्वतःची ओळख दिली आहे, हे आपले भाग्यच. नाहीतर जुने कवी स्वतःविषयी फारसे बोलत नाहीत. त्या ओळखीवरून कळते, की त्यांचे घराणे विदर्भातल्या पद्मपूर नगरातले. कुळाचे नाव उदुंबर, गोत्र काश्यप, शाखा तैत्तिरीय. घरात अग्निहोत्र होते, वेदाध्ययन होते, पूर्वजांपैकी एकाने वाजपेय यज्ञ केला होता. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ, आईचे जातुकर्णी. श्रीकंठ या नावानेही त्यांना ओळखत. गुरूंचे नाव ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत त्यांची गती होती.

हे पद्मपूर कोणते, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला. कोणी ते चंद्रपूरकडे नेले, कोणी आणखी कुठे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ताम्रपट आणि ग्रंथ तपासून सांगितले, की हे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचे पदमपूर. वाकाटक राजांच्या एका ताम्रपटातही पद्मपुराचे नाव येते. म्हणजे आज आपण सायकलने जातो ते गाव एकेकाळी मोठे नगर होते. तिथे जुन्या मूर्तींचे भग्न अवशेष सापडले आहेत. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतींचेच नाव आहे. कितीतरी पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर ते नाव छापलेले असते. पण हा भवभूती कोण, असे विचारले तर अनेकांना सांगता येत नाही. आम्हालाही कित्येक वर्षे सांगता येत नव्हते, हे कबूल करतो.

यात्रेतले नाटक

विद्या पुरी झाल्यावर भवभूती उत्तरेकडे गेले. काश्मीरच्या कल्हण पंडिताने बाराव्या शतकात राजतरंगिणी हा इतिहास लिहिला. त्यात कनौजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी भवभूती आणि वाक्पतिराज हे कवी होते असे नमूद आहे. यशोवर्म्याचा काळ आठव्या शतकाचा पूर्वार्ध. त्यावरून भवभूतींचा काळ ठरतो.

पण राजाश्रय काही सुरुवातीपासून मिळालेला दिसत नाही. आता हे बघा. त्यांची महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित ही तिन्ही नाटके राजवाड्यात नाही, तर कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत झाली. तसे त्या नाटकांच्या आरंभीच सांगितले आहे. यात्रा म्हटली की काय काय येते ते आपल्या माणसांना सांगायला नको. लांबून चालत आलेली माणसे, धूळ, गर्दी, दर्शनाची घाई. त्या गर्दीपुढे हे नाटक उभे राहिले. नटमंडळींशी आपला मुळातच स्नेह होता, म्हणून आपले नाटक त्यांच्या हाती दिले, असेही ते सांगतात. एवढा शास्त्री माणूस, पण नाटकवाल्यांचा दोस्त. दिवाळीनंतर मंडईच्या रात्री दंडार आणि नाटक बघत पहाटेपर्यंत बसणाऱ्या आपल्या झाडीपट्टीला हा माणूस परका वाटायचे कारण नाही.

त्यांचे पहिले नाटक बहुधा महावीरचरित. रामाच्या विवाहाच्या आधीपासून राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आहे. त्याचा पाचव्या अंकातल्या काही भागापर्यंतचाच मजकूर त्यांच्या हातचा आणि पुढचा दुसऱ्यांनी पुरा केलेला, असे अभ्यासक मानतात. मालतीमाधव ही दहा अंकांची प्रेमकथा. त्यात स्मशान आहे, नरबळी द्यायला निघालेला कापालिक आहे, अन् त्याच्या तावडीतून मालतीला सोडवणारा माधव आहे. हसवणारा विदूषक मात्र भवभूतींच्या एकाही नाटकात नाही. त्या काळी लोकांना विदूषक हवा असे. यांनी तो घातलाच नाही.

कोणी वाचणार नसेल तर?

मालतीमाधवाच्या सुरुवातीला भवभूतींनी एक गोष्ट उघडपणे सांगितली आहे. आमच्या मते त्यांच्या साऱ्या चरित्राचा गाभा तिथेच आहे. त्यावरून दिसते, की काही लोक त्यांच्या लिहिण्याची हेटाळणी करत होते. जाणते म्हणवणारी माणसे नाक मुरडत होती. अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. एकतर लिहिणे सोडतो, नाहीतर लोकांना आवडेल तसे लिहू लागतो. भवभूतींनी दोन्ही केले नाही. हेटाळणी करणाऱ्यांसाठी हा खटाटोप नाहीच, असे त्यांनी स्पष्ट केले. आपल्यासारख्याच मनाचा कोणीतरी कुठेतरी असेल किंवा पुढे कधीतरी जन्माला येईल, त्याच्यासाठी हे लिहिले आहे, असा त्यांचा भाव आहे. घाई कशाला? काळाला शेवट नाही अन् पृथ्वी काही लहान नाही. अशा माणसासाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे समानधर्मा.

काही लोक याला गर्व म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. गर्विष्ठ माणसाला टाळ्या आजच हव्या असतात. जो न जन्मलेल्या माणसाची वाट बघतो, त्याच्यापाशी गर्व नसतो, भरवसा असतो. शेतकरी बांधावर मोहाचे किंवा आंब्याचे रोप लावतो तेव्हा त्याचा मोह कोण वेचणार, आंबा कोण खाणार हे त्याला कुठे ठाऊक असते? पण कोणीतरी खाईल एवढे तो जाणतो. भवभूतींचे लिहिणे तसे होते.

सीतामाईचे दुःख

लिहिण्यामागे दुसरेही एक कारण असते. मनात काही इतके साठते, की ते बाहेर काढल्याशिवाय राहवत नाही. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात भवभूतींनी हे तलावाच्या दाखल्याने सांगितले आहे. तलाव काठोकाठ भरला की पाणी बाहेर काढून देणे हाच उपाय. शोकाने भरलेल्या हृदयाचेही तसेच, ते बोलूनच सावरते, असा त्याचा आशय. आपला तर तलावांचाच जिल्हा. नवेगावबांधपासून गावोगावच्या मालगुजारी तलावांपर्यंत, पावसाळ्यात सांडवा नसला तर पाळ फुटते हे आपल्या लेकरालाही कळते. हा दाखला समजायला आपल्याला पंडित लागत नाही.

उत्तररामचरित हे सात अंकांचे नाटक म्हणजे भवभूतींच्या मनातला असाच एक भरलेला तलाव आहे. राम राज्यावर बसल्यानंतरची ही कथा. पहिल्या अंकात राम, लक्ष्मण आणि सीता वनवासाची चित्रे बघत बसले आहेत. जुनी दुःखे आठवतात, डोळे भरतात. गर्भवती सीतामाई थकून रामाच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते. तेवढ्यात हेर येतो अन् लोक सीतेविषयी काय कुजबुजतात ते रामाच्या कानात सांगतो. ज्या हातावर ती निजली आहे, त्याच हाताने तिला वनात पाठवायचे. हा प्रसंग वाचताना आम्हाला दर वेळी थांबावे लागते.

पुढे बारा वर्षे जातात. तिसऱ्या अंकात राम पुन्हा पंचवटीत येतो. गोदावरीकाठी त्याच जागा, तीच झाडे, सीतेने पाळलेले हत्तीचे पिल्लू आता मोठे झालेले. सीतामाईही तिथे आहे, पण गंगामाईच्या वराने ती कोणाला दिसत नाही. वनदेवता वासंती रामाला तोंडावर खडसावते, की निष्पाप सीतेशी असे कसे वागलास? रामाजवळ उत्तर नाही. तो मूर्च्छित पडतो, अन् सीता अदृश्य हाताने त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते. ज्याने टाकले त्यालाच ती जीवदान देते. रामाने यज्ञात शेजारी दुसरी पत्नी बसवली नाही, सीतेचीच सोन्याची मूर्ती बसवली, हे तिला कळते, तेव्हा तिच्या मनातले शल्य हलके होते.

वाल्मीकींच्या रामायणात सीतामाई शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूतींनी तसे होऊ दिले नाही. सातव्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकी ऋषी सीतेचीच कथा नाटकरूपाने सर्वांपुढे मांडतात. नाटकातले नाटकच ते. बघायला राम आहे, लक्ष्मण आहे, अन् अयोध्येची प्रजाही आहे. शेवटी अरुंधतीमाता साक्षात सीतेला सर्वांपुढे आणते आणि लोकांनाच विचारते, की आता तुमचे म्हणणे काय? ज्यांच्या कुजबुजीने सीता वनात गेली, ते लोक तिच्यापुढे हात जोडतात. लव, कुश, आई, बाप एक होतात.

यात्रेतल्या त्या पहिल्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, याचा आम्ही विचार करतो. तेही अयोध्येच्या लोकांसारखेच साधे लोक. कोणाच्या सुनेविषयी, कोणाच्या लेकीविषयी पाराशी बसून काहीबाही बोललेले. त्यांच्यासमोर अरुंधतीचा तो प्रश्न आला तेव्हा तो एकट्या अयोध्येसाठी नव्हता. भवभूती का लिहीत होते, ते इथे आम्हाला कळते. एका बाईवर अन्याय झाला, अन् तो करणाऱ्यांत चारचौघांची जीभ होती. ही गोष्ट मनात ठेवून त्यांना गप्प बसवले नाही. चारचौघांपुढेच ती मांडायची होती.

जे खुपते तेही सांगतो

चरित्र लिहायचे म्हणजे नुसती आरती ओवाळायची नाही. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात शंबूकाचा प्रसंग आहे. तप करतो म्हणून एका शूद्र तपस्व्याला राम मारतो. भवभूतींच्या रामाला तो घाव घालताना स्वतःच्या हाताला बजावावे लागते, की गर्भवती सीतेला घालवणारा हात तू, तुला दया कुठली? नंतर शंबूक दिव्य रूपात प्रकट होतो. रामाचा हात अडखळतो, एवढे भवभूतींनी दाखवले. पण प्रसंग टाळला नाही, त्याला अन्यायही म्हटले नाही. जी अरुंधती सीतेसाठी उभी राहिली, तशी शंबूकासाठी कोणी उभी राहिली नाही. चोखोबांच्या पायरीला माथा टेकणाऱ्या आम्हा वारकऱ्यांना हे खुपते. ते आपल्या काळाच्या पुढे होते तसे काळात अडकलेलेही होते.

दुसरी अडचण भाषेची. त्यांनी लिहिले संस्कृतात. त्यांच्याच नाटकात राम संस्कृत बोलतो अन् सीता प्राकृत, कारण तशी तेव्हाची रीतच होती. म्हणजे पदमपूरच्या धान रोवणाऱ्या बाईला सीतेचे बोलणे थोडेफार कळले असते, रामाचे कळले नसते. ही भिंत पाडली ती आपल्या संतांनी. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, नेवाशाला माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. पुढे शिंपी, माळी, कुंभार, महार, जनाबाईसारखी दासी, सारे बोलू लागले अन् त्यांचे बोलणे लिहिलेही गेले. भवभूतींनी समानधर्म्याची वाट बघितली. संतांनी त्याच्या दारात जाऊन त्याच्या बोलीत हाक मारली. दोन्ही लागते असे आम्हाला वाटते. वाट बघायचा धीरही अन् हाक मारायची माया पण.

समानधर्मा आला का?

आला. एक नाही, पुष्कळ आले. वाक्पतिराजाने आपल्या प्राकृत काव्यात भवभूतींचे ऋण मान्य केले. इंग्रज पंडित विल्सन याने 1827 साली मालतीमाधव आणि उत्तररामचरित इंग्रजीत छापून साता समुद्रापार नेले. बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी उत्तररामचरिताचा आधार घेऊन सीतेच्या वनवासावर बंगालीत पुस्तक लिहिले. ज्या विद्यासागरांनी विधवांच्या पुनर्विवाहासाठी आयुष्य झिजवले, त्यांना भवभूतींची सीता जवळची वाटावी यात नवल नाही. मराठीत परशुरामतात्या गोडबोल्यांनी उत्तररामचरित आणले. आणि मिराशींनी तर कवीचे हरवलेले गावच शोधून दिले. हजार-बाराशे वर्षांनी का होईना, निरोप पोचला.

एक जुनी गोष्ट सांगतात. भवभूतींनी आपले नाटक कालिदासाला वाचून दाखवायला माणूस पाठवला. कालिदास सोंगट्या खेळत होता. सारे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला, की छान आहे, फक्त एका ठिकाणी अनुस्वार जास्त झाला आहे. भवभूतींनी तो टिंब काढला अन् ओळीचा अर्थ आणखी खुलला. ही गोष्ट खरी असू शकत नाही, कालिदास कित्येक शतके आधीचा. पण लोकांनी ती का रचली असेल? आम्हाला वाटते, हेटाळणी सोसलेल्या या कवीला निदान गोष्टीत तरी एक टिंबसुद्धा नजरेतून न सुटणारा वाचक मिळावा, असे लोकांच्या मनात आले असेल. समानधर्मा मिळेना, तर लोकांनी त्याला उसना आणून दिला.

भवभूतींचे शेवटचे दिवस कसे गेले, देह कुठे ठेवला, याची कुठे नोंद सापडत नाही. ना समाधी, ना पादुका. तीन नाटके तेवढी मागे राहिली.

शेवटची विनंती

माउली हो, हे सारे वाचून आपल्या दिंडीतल्या कोणाला नाटक लिहावेसे वाटेल असे नाही. पण वारीच्या वाटेवर मनात येते ते लिहून ठेवायला काय हरकत आहे? पहिल्यांदा कळस दिसला तेव्हा काय वाटले. पाय सुजले तेव्हा कोणी तेल चोळून दिले. घरचे मयत सोडून कोण वारीला आले अन् वाटेत कोणाच्या खांद्यावर रडले. आपल्या बायाबापड्या जात्यावर, रोवणीच्या बांधीत जे रचून म्हणतात, ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, नातवंडांनी लिहून घ्यावे. सच्चिदानंद बाबांनी दुसरे काय केले?

वाचणार कोण, असे मनात येईल. येऊ द्या. आजच्या पोराने नाही वाचले तर त्याच्या नातीच्या नातीने वाचावे. आम्हाला आमच्या दिंडीची पहिली पन्नास वर्षे शोधून सापडली नाहीत. दुसऱ्या शताब्दीचा ग्रंथ काढणाऱ्यांना माळ्यावरच्या पेटीत टाळांच्या जोडीबरोबर एक भरलेली वहीही सापडावी, एवढेच मागणे पांडुरंगापाशी आहे. त्या कामासाठी दिंडीने यंदापासून एक मोठी वही विठ्ठलमंदिरात पारायणाच्या चौरंगाशेजारी ठेवली आहे. तिचे पहिले पान अजून कोरे आहे.

रामकृष्णहरी.